चाळिसावी चिंधी

मला लिहायला लावू नका, असं मी तीनदा सांगितलं. ऐकलं कुणी? जोगळेकर साहेबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतायत, म्हणून त्यांच्या मुलीने पुण्याहून माझ्या मुलीला, रत्नाला, फोन केला. ‘काकांना म्हणावं, बाबांच्या आठवणी लिहून पाठवा. दोन चांगले शब्द.’ चांगले शब्द! मी चौथीत शाळा सोडली. माझ्याकडे शब्दच मोजके, त्यात चांगले निवडू कुठून? पण रत्ना मास्तरीण आहे. वही पुढ्यात टाकली आणि चहा बंद करीन म्हणाली.

किस्से असे साठत जातात. सुरतेत उधन्याला लूमखाली कापसाची लव साठायची तसे. रोज झाडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. मी लूमवर नऊ वर्षं काढली आणि मग हजिऱ्याकडच्या एका केमिकल कंपनीत लागलो. कंपनीचं नाव लिहीत नाही. लव तिथंही साठली.

एक आधीच सांगतो. त्या प्लांटमध्ये माझ्यावर चोरीचा आळ आला होता. ज्याने घेतला, तो माझी माफी मागायचं विसरला आहे. त्याचं नाव शेवटी लिहीन. घाई असेल त्याने शेवटचं पान वाचावं.

*

आमच्या प्लांटला ऑक्सो म्हणत. एका बाजूने तीन गॅस आत जायचे, दुसऱ्या बाजूने पाण्यासारखं अल्डिहाइड बाहेर पडायचं. त्याचं पुढे प्लास्टिक मऊ करायचं औषध होई. पण वास! तूप सहा महिने उघडं ठेवा, त्यात घामाचा बनियन बुडवा, आणि उन्हात वाळत घाला. तसा!

हा वास साबणाने जात नाही. शेअर रिक्षात मी बसलो की एकेक माणूस आपला स्टॉप येण्याआधीच उतरायचा. एकदा एक म्हातारी आपल्या पिशवीत हात घालून म्हणाली, ‘अरेरे, मारु घी ढोळाई गयुं!’ तिचं तूप सांडलं असं वाटलं तिला. मी काय सांगणार?

पहिल्या दिवशी घरी गेलो तर आमच्या इंदूने दारातच अडवलं. गोडादऱ्याला एका खोलीत राहायचो आम्ही. ती नाकाला पदर लावून अहिराणीत म्हणाली, ‘कामले जातस का मरेल म्हैस धोवाले?’ मग रोज मागच्या मोरीत बेसन लावून आंघोळ, मगच भाकरी.

आम्हा प्लांटवाल्यांना मात्र महिन्याभरात तो वास येईनासा झाला. नाकं मेली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दोन वर्षांनी प्लांट आठ दिवस बंद होता. मला गेटाबाहेर रंगकामाला लावलं. मी आठ दिवस स्वच्छ घरी जात होतो. मला वाटलं, इंदू खूश होईल. चौथ्या दिवशी तिने ताट आपटलं.

‘तुमना वास कोठे गया? खरं सांगा, कुठे जातस तुम्ही?’

*

जोगळेकर साहेब आमचे प्लांट इन्चार्ज. पुण्याचे, बारीक, गोरे, डोळ्यांवर जाड चष्मा. शुद्ध बोलायचे. आम्हा कामगारांना समोर बसवून काम समजावून सांगणारा तो एकच साहेब मी पाहिला. चांगले शब्द मागितलेत ना? हा घ्या एक.

ते सांगायचे, ‘हे गॅस एकमेकांकडे नुसते बघत बसतात. त्यांचं लग्न लावायला मध्यस्थ लागतो. त्याला म्हणायचं कॅटॅलिस्ट. तो लग्न लावून देतो आणि स्वतः होता तसा बाहेर येतो. आपला मध्यस्थ म्हणजे रोडियम धातू. सोन्याहून महाग.’

आमचा सीनियर ऑपरेटर मंगूभाई, पक्का सुरती. शिवीशिवाय त्याचं वाक्य सुरू व्हायचं नाही, ती मी गाळतो. तो म्हणाला, ‘साहेब, मध्यस्थ होता तसा बाहेर येतो? आमच्याकडे तर दोन्हीकडचं जेवून, वर साडी घेऊन बाहेर येतो!’

साहेबांनी मग सांगितलं, पूर्वी या कामाला कोबाल्ट वापरायचे. त्याला फार मोठं प्रेशर लागायचं, फार उष्णता. रोडियम तेच काम थोड्या प्रेशरमध्ये, सावकाश, जास्त चांगलं करतो.

मी म्हणालो, ‘समजलं साहेब. कोबाल्ट म्हणजे माझा सासरा. आरडाओरडा, आदळआपट, तेव्हा कुठे काम होणार. रोडियम म्हणजे सासू. आवाज नाही, पण काम झालेलं.’

साहेब इतके हसले की चष्मा पडला. ते वाक्य त्यांनी डायरीत लिहून घेतलं. पुढे नवीन इंजिनिअर आले की त्यांना ते हेच शिकवायचे. माझं नाव न घेता!

*

आता चिंध्यांचं. कॅटॅलिस्टचं पिवळं पाणी कुठे थेंबभर गळलं तरी ते पुसून ती चिंधी फेकायची नाही. झाकणाच्या ड्रममध्ये टाकायची. ड्रम भरला की सील करून लांब पाठवायचा. तिथे चिंध्या जाळून राखेतून रोडियम परत काढतात. माणसाच्या राखेतून काही काढत नाहीत, चिंधीच्या काढतात!

सुरुवातीला स्टोअरने सुरतच्या साड्यांच्या कटपीसचे गठ्ठे घेतले. फुलाफुलांचे, झुळझुळीत. पहिली गळती झाली तेव्हा चौघे जण ते घेऊन पुसायला बसले. जॉर्जेट कुठे पाणी पितं? पिवळं पाणी नुसतं इकडून तिकडे पळत होतं आणि साहेब ओरडत होते, ‘ड्रेनकडे जातंय! अरे, ड्रेनकडे जातंय!’

मी डोक्यावरची टोपी काढली. सुती, अमळनेरच्या बाजारातली, लग्नातली. टाकली ड्रेनच्या तोंडावर. सगळं पिऊन घेतलं तिने.

साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ‘शाबास भिला!’ म्हणाले. मग टोपीकडे बघून म्हणाले, ‘ती आता ड्रममध्ये.’

गेली टोपी. जाळली. तिच्यातलं रोडियम कंपनीने काढून घेतलं, टोपी काही मला परत दिली नाही.

पण त्या दिवसापासून मालेगावच्या सुती चिंध्या यायला लागल्या आणि चिंध्यांच्या ड्रमची किल्ली साहेबांनी माझ्या हातात दिली. काम सुरू करताना चिंध्या मोजून द्यायच्या, संपल्यावर मोजून ड्रममध्ये टाकायच्या. तेवढ्याच परत आल्या पाहिजेत. साहेब म्हणाले, ‘इथे बी.एस्सी. झालेले आहेत. पण ही किल्ली मी इमान बघून देतोय.’ चौथी नापास माणसाला कुणी असं म्हणतं का? मी ती किल्ली करदोट्याला बांधली. आंघोळीतही काढत नव्हतो.

*

साहेबांना एक खोड होती. विचारात पडले की चष्मा काढायचे आणि हाताला येईल त्या फडक्याने पुसायचे. कुणाचं, कसलं, काही बघायचे नाहीत.

एकदा मोठ्या साहेबांच्या केबिनमधल्या पडद्याने पुसला. मोठे साहेब समोर बसलेले! एकदा कॅन्टीनमध्ये माझ्या खांद्यावरच्या टॉवेलने पुसला, टॉवेल खांद्यावर असतानाच. मला वाटलं, साहेब माझ्या कानात काही सांगायला आले.

पुसून झालं की फडकं खिशात. त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशातून मंगूभाईने एकदा तीन हातरुमाल, एक हातमोजा आणि कॅन्टीनचं टेबल पुसायचं फडकं काढलं. म्हणाला, ‘साहेब, तुम्ही लग्नातला जादूगार व्हायला पाहिजे होतं!’

हेही लक्षात ठेवा.

*

नवीन कॅटॅलिस्ट घालायचा दिवस म्हणजे आमचा सण. पूजा केल्याशिवाय मंगूभाई व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. पण गॅसचा प्लांट, काडी ओढायची सोय नाही. नारळ गेटाबाहेर फोडायचा आणि आत रिअॅक्टरपुढे अगरबत्ती न पेटवता ओवाळायची! एकदा नवीन आलेला इंजिनिअर म्हणाला, ‘पेटवलीच नाही, तर देवाला वास कसा जाणार?’

मंगूभाई म्हणाला, ‘भाई, या प्लांटमध्ये पेटवली असती तरी देवाला काय कळणार होतं?’

देवाचंही नाक मेलेलं, असं त्याचं म्हणणं.

*

आता गोधडीचं.

सुरतेत प्लेग आला, त्याच्या पुढच्या वर्षी आमची रत्ना झाली. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर. त्या अकरा वर्षांत इंदूने काय काय ऐकलं ते मी लिहिणार नाही. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी साहेबांना विचारलं, ‘साहेब, नव्या गठ्ठ्यातले चार-पाच कोरे तुकडे नेऊ का? पोरासाठी गोधडी शिवायची म्हणते.’ साहेब म्हणाले, ‘ने की. चांगले बघून ने.’ मंगूभाईने स्वतः निवडून दिले. हिरवा, तांबडा, एक निळ्या काठाचा. इंदूने सात महिने टाके घातले. बोट ठेवायला जागा नाही इतके बारीक.

रत्ना दोन महिन्यांची होती तेव्हा नवीन कॅटॅलिस्ट घालायचा दिवस आला. रोडियम पिवळ्या पुडीच्या रूपात येतं, इवल्या बाटलीत. साहेब स्वतः ती तोलत होते. तेवढ्यात बाहेर अलार्म वाजला, साहेब दचकले, आणि चमचाभर पूड टेबलावर सांडली. साहेबांनी ओल्या चिंधीने टिपून घेतली आणि अलार्मकडे पळाले. अलार्म खोटा निघाला.

काम संपलं. मी चिंध्या मोजल्या. चाळीस दिल्या होत्या. एकोणचाळीस आल्या. आणि नव्हती ती नेमकी पुडीची!

पाच वेळा मोजल्या. साहेबांनी मोजल्या. टेबलाखाली, नळीमागे, सगळीकडे बघितलं. साहेब पांढरेफटक. म्हणाले, ‘मी टेबलावरच ठेवली होती. मला आठवतंय.’

मग कुणीतरी मागून बोललं, ‘भिला चिंध्या घरी नेतो ना?’

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं अजून आठवतं मला. ते म्हणाले नाहीत, ‘कोरे तुकडे नेतो तो, मीच ने म्हणालो होतो.’ एवढंच म्हणाले, ‘भिला, डबा उघड.’

गेटवर, सगळ्यांसमोर, मी डबा उघडला. बोटभर ठेचा तेवढा होता आत. खिसे उलटे केले. करदोट्याची किल्ली दिसली. साहेब म्हणाले, ‘घर बघावं लागेल.’

दुपारी तीनला कंपनीची जीप गोडादऱ्याला आमच्या गल्लीत शिरली. साहेब, मंगूभाई आणि मी. शेजारीपाजारी ओट्यावर आले. मला वाटलं, जीप उलटावी.

इंदू दळण निवडत होती. रत्ना झोळीत, गोधडीवर. साहेब खोलीभर बघत होते, खोली ती केवढी! मग झोळीत वाकले आणि तसेच थांबले. गोधडीवर हाताएवढा पिवळा डाग होता.

साहेबांनी आधी पोरीला उचललं. हात थरथरत होते त्यांचे. ‘हे काय आहे?’ म्हणाले.

इंदू म्हणाली, ‘हायद शे, साहेब. पोरले रोज हायद-तेल लावस मी.’

मी म्हणालो, ‘हळद आहे साहेब, हळद!’

साहेबांनी गोधडी नाकाला लावली. पुन्हा लावली. पुढे केली मंगूभाईच्या. त्याने हुंगली. माझ्या. मी हुंगली. तिघांची नाकं मेलेली! हळद की रोडियम, कुणालाच सांगता येईना. इंदू म्हणत होती, मला येतो वास, हळदीचा येतो. पण तिचं कोण ऐकणार?

साहेब म्हणाले, ‘खात्री नाही. हिच्या अंगाखाली ही नको.’ आणि गोधडीची घडी केली.

इंदूने पोर त्यांच्या हातातून घेतली. रडली नाही. म्हणाली, ‘लयी जा. पण हिना बापले चोर म्हनीसन लयी जाऊ नका.’

न्यायचं तर न्या, पण हिच्या बापाला चोर म्हणून नेऊ नका. एवढं साहेबांना समजलं असणारच.

गोधडी ड्रममध्ये गेली. त्याच ओल्या चिंध्यांवर. साहेबांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘चिंध्या एकोणचाळीस, गोधडी एक.’ सील मारलं. खाली सही माझी घेतली.

किल्ली मी टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उचलली नाही. मीही उचलली नाही. पाच दिवस ती तिथेच पडून होती. पाच दिवस मी कामावर गेलो, कुणाशी बोललो नाही. घरी इंदू पोरीला आपल्या लुगड्याच्या घडीवर झोपवायची.

सहाव्या दिवशी धोबी आला. मंगूभाई कोट गोळा करत होता. साहेबांच्या कोटाच्या खिशात त्याने नेहमीसारखा हात घातला आणि तसाच उभा राहिला. हात बाहेर आला तो पिवळी चिंधी घेऊन. वाळून कडक झालेली.

मंगूभाईच्या तोंडून शिवी निघाली नाही. मी ओळखत होतो तेव्हापासून पहिल्यांदा.

साहेबांनी ती हातात घेतली. मग चष्मा काढला, आणि त्याच चिंधीने पुसायला निघाले! काचेला लागणार तोच थांबले. चष्मा तसाच टेबलावर ठेवला. त्या दिवशी पुढे सगळं चष्म्याशिवायच केलं त्यांनी.

ड्रम अजून गेला नव्हता. सील तोडायचं नाही, हा नियम साहेबांचाच. त्यांनी पक्कड मागितली आणि स्वतः तोडलं. हातमोजे घालून गोधडी वर काढली. हळदीचा डाग कुठला ते आता शोधूनही सापडला नसता. खालच्या चिंध्यांचं पाणी पिऊन सगळी गोधडी पिवळी झाली होती. हिरवा तुकडा पिवळा, तांबडा पिवळा, निळा काठ पिवळा. आता मात्र ती पोरीच्या अंगाखाली खरंच घालता येणार नव्हती.

साहेबांनी ती परत ठेवली. नीट, घडी करून. वर ती चिंधी ठेवली.

‘चाळीस,’ म्हणाले. आणि झाकण लावलं.

मंगूभाई नंतर मला म्हणाला, ‘साहेबला मेटलची पडली नव्हती रे भिला. छोकरीची पडली होती. तू हात बघितलेस ना त्याचे?’ मी म्हणालो, ‘मी डबा बघितला. माझा. उघडा.’

पुढच्या महिन्यात एका रविवारी साहेब स्कूटरवरून आमच्याकडे आले. मागे त्यांच्या मिसेस, मांडीवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी. इंदूने चटई टाकली, पाणी दिलं. तोंड दुसरीकडे. वहिनींनी कागद सोडला. आत गोधडी. वहिनींच्या आईच्या जुन्या सुती पातळांची.

इंदूने ती उलटीसुलटी करून बघितली. टाके एक इकडे, एक तिकडे, मध्येच गाठ. आणि प्रत्येक टाक्याखाली पेन्सिलीची रेघ. पट्टीने मारलेली, एकदम सरळ!

वहिनी म्हणाल्या, ‘मला हातच लावू दिला नाही. सगळी ह्यांनी शिवली.’

साहेबांच्या बोटांना तीन ठिकाणी पट्ट्या होत्या.

इंदूने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता रडते. ती हसत होती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, ‘रेघा बेस मारल्यात.’

साहेब उठून तिच्यापुढे उभे राहिले. हात जोडले. म्हणाले, ‘ताई, मी चुकनू.’ आमच्या अहिराणीत! कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या शिरपूरच्या बाईकडून शिकून आले होते. मग झोळीपाशी गेले, वाकले, आणि दोन महिन्यांवरून तीनात गेलेल्या पोरीला हात जोडून, अगदी शुद्ध मराठीत म्हणाले, ‘रत्नाबाई, माझी चूक झाली. क्षमा असावी.’ रत्नाने त्यांचा चष्मा ओढला.

चहा झाला. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो. साहेबांनी स्कूटर सुरू केली. बंद केली. माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. मिटलं.

मग खिशात हात घालून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

‘भिला, उद्या फर्स्ट शिफ्ट ना तुझी?’

‘हो साहेब.’

‘बरं.’

आणि गेले.

पेन्सिलीच्या रेघा चौथ्या धुण्यात निघून गेल्या. टाके अजून आहेत. इंदूने एकही उसवून नीट केला नाही, कुणाला करू दिला नाही. रत्ना त्यावर वाढली, रत्नाचा मुलगा वाढला.

तर पुण्याच्या पोरी, हे वाच त्यांना मोठ्याने. त्यांनी माझ्या बायकोची माफी मागितली. तीन महिन्यांच्या पोरीची मागितली. राहिलो तो मी. पंचाहत्तर झाली, अजून वेळ आहे. आणि हे ऐकताना ते चष्मा काढतील, तेव्हा हातात काय आहे ते बघ.

नाव शेवटी लिहीन म्हणालो होतो. श्रीधर जोगळेकर.